फुंकरीचा जोड

आमच्या घरात पहिल्यापासून दोन पक्ष. भांडण जमिनीचं नाही की भिंतीचं नाही. तारेच्या टोकाला पिन कशी बसवायची याचं. मी आणि अण्णा सोल्डरवाले, आमची धाकटी बहीण क्रिंपवाली. ती गाड्यांच्या वायरिंगच्या कारखान्यात काम करते. दिवसभर तारेवर तांब्याची पट्टी चढवायची आणि पकडीने दाबायची, म्हणजे क्रिंप करायची, त्यामुळे जगातला कुठलाही प्रश्न दाबला की सुटतो असं तिला वाटतं. माझं म्हणणं असं, की सोल्डर वितळून तारेच्या पेडापेडांत शिरल्याशिवाय दोन धातू एक होत नाहीत. गाणी ऐकण्याच्या केबल आम्ही तिघंही घरीच बनवायचो, आणि जेवायला बसलो की कुणाचा जोड जास्त टिकतो यावरून ताटं गार व्हायची. वहिनी म्हणायच्या, "तुमचं चालू दे, मी झाकण ठेवते."

अण्णा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. रेडिओ दुरुस्त करून त्याने आम्हा दोघांना वाढवलं आणि हातात सोल्डर वितळवायचं आयर्नही त्यानेच दिलं. त्याला एक खोड होती. एका हातात तार, दुसऱ्या हातात आयर्न, मग सोल्डर धरायला तिसरा हात आणायचा कुठून? तो सोल्डरची तार उजवीकडच्या दातांत धरायचा. जोड झाला की ओठांच्या डाव्या कोपऱ्यातून त्यावर फुंकर मारायचा. फू. आता, या कामात फुंकर म्हणजे पाप. वितळलेलं सोल्डर आपलं आपण निवू द्यायचं असतं. फुंकलं की ते वरून घाईने गोठतं, आत पोकळी राहते आणि कालांतराने जोड करकरू लागतो. दुरुस्तीवाले त्याला ड्राय सोल्डर म्हणतात. मी ऐन पंचविशीत हे त्याला शिकवायला गेलो होतो. तो म्हणाला, "चहा कसा पितोस रे तू? फुंकूनच ना?" आणि पुन्हा फू.

सात महिन्यांपूर्वी एका दुपारी त्याने स्वतःच्या ॲम्प्लिफायरची केबल बनवली. शेवटचा, उजव्या बाजूच्या पिनेचा जोड केला आणि वहिनींना म्हणाला, "जरा पडतो." तो उठला नाही. त्या हाक मारायला गेल्या तेव्हा त्याचा हात गार पडला होता आणि टेबलावर आयर्न चालूच होतं.

मी रडलो नाही. लोक म्हणाले, घट्ट काळजाचा आहे. म्हणू देत. लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार?

परवा सकाळी वहिनी माझ्या खोलीवर आल्या. दोन जिने चढून आल्या म्हणून धापा टाकत असतील असं वाटलं, पण त्या धापा टाकत नव्हत्या. उंबऱ्यात उभ्या राहिल्या त्या नुसत्याच. चेहरा उतरलेला, गळ्याची हाडं वर आलेली. मग एकदम श्वास सुटला आणि त्या बोलल्या.

"भाऊजी, केबलचा उजव्या बाजूचा आवाज तुटतोय."

पिशवीतून त्यांनी अण्णाची केबल काढली. मी पिनेवरचं टोपण फिरवून काढलं आणि पिन भिंगाखाली धरली. जोड राखट, दाणेदार, आणि कडेला केसाएवढी भेग.

"ड्राय सोल्डर. दोन मिनिटांचं काम आहे, बसा." मी आयर्न उचललं. ते माझ्याकडे दिवसभर चालूच असतं.

वहिनींनी माझं मनगट धरलं. तीस वर्षांत त्यांनी मला कधी हात लावला नव्हता.

"गरम नाही करायचं."

"मग काय, मंत्र घालू?"

"त्यात हे आहेत," वहिनी म्हणाल्या.

असल्या वेळी माणसाने गप्प बसावं. मी हसलो. त्यांना राग आला नाही. वेड्याला समजावतात तशा मलाच समजावणीच्या सुरात म्हणाल्या, "गाणं लावू नका. नुसतं चालू करून ऐका."

मी केबल माझ्या टेबलावरच्या ॲम्प्लिफायरला लावली, छोटा स्पीकर जोडला आणि आवाज वाढवला. आधी नेहमीची बारीक गुणगुण आली, तिच्यावर सळसळ. मग, फू.

छोटी आणि तिरकी. दातांत काही धरून फुंकलं की हवेला कडेने एक शीळ येते, ती शीळसुद्धा होती. अण्णाच्या शेजारच्या स्टुलावर बसून मी आयुष्याची तीस वर्षं ती ऐकली आहे. मी मख्खासारखा म्हणालो, "आत हवेची पोकळी आहे. ॲम्प्लिफायर तापला की ती हवा..."

पुढचं मलाच पटेना.

"फुंकर येते," वहिनी म्हणाल्या, "पण आत श्वास घेतल्याचा आवाज कधी येत नाही. मी हेडफोन लावून वाट बघत बसते. आधी दोन फुंकरींच्या मधे दहा आकडे मोजून व्हायचे. आता..." त्या थांबल्या. वाक्य विसरल्या असाव्यात असं मला वाटलं. त्यांची छाती हलत नव्हती. स्पीकरमधून पुन्हा फू आली, त्याच क्षणी त्यांच्याही तोंडून श्वास सुटला आणि वाक्य जिथे राहिलं होतं तिथून सुरू झालं. "...बावीस होतात."

जाताना जिन्यातून म्हणाल्या, "उद्या दुपारी येते. जोड वाचवा. ते गेले तर मला काही नको." मी मान डोलावली. त्यांच्या पावलांचा आवाज मधेच थांबायचा आणि बऱ्याच वेळाने पुढे सुरू व्हायचा.

त्यानंतर धाकटीचा फोन.

"दादा, वहिनी तुझ्याकडे आल्या होत्या ना? त्यांचे ओठ बघितलेस?"

"बघितले."

"डॉक्टरांनी सगळं तपासलं. फुप्फुसं स्वच्छ आहेत. म्हणाले, या श्वास घ्यायला विसरतात. परवा स्वयंपाकघरात हेडफोन नव्हता, काही नव्हतं, तरी उभ्याउभ्या काळ्यानिळ्या पडल्या. मी गदागदा हलवलं तरी उपयोग नाही. मग आपोआपच सुरू झाला श्वास. ती केबल मेली ना, तर त्या पण..."

"तोंड सांभाळून बोल," मी म्हणालो आणि फोन ठेवला. तिचं खरं होतं म्हणून जास्त राग आला.

म्हणजे प्रश्न साधा होता. जोड मरत होता, त्यातल्या फुंकरी लांबत होत्या आणि वहिनींचा श्वास त्यांना बांधलेला होता. एक दिवस पुढची फुंकर येणारच नव्हती. दुरुस्ती करायची तर सोल्डर वितळवायचं, आणि वितळवलं तर आत जे काही होतं ते उडून जायचं. आणि ते गेल्यावर वहिनी श्वास घेतील की घेणार नाहीत, हे कुणाला माहीत? इकडे आड, तिकडे विहीर.

शहाण्या माणसाने ॲम्प्लिफायर बंद करून विचार केला असता. मी चालू ठेवला. खुर्ची स्पीकरजवळ ओढली. एक फू झाली की दुसरीची वाट बघायची, ती आली की आणखी एक. मला अण्णा हवा होता, बस. खिडकीतलं ऊन टेबलावरून सरकत जमिनीवर आलं, खाली दुकानांची शटरं वर गेली, पोरं शाळेतून परत आली, आणि मी आकडे मोजत बसलो होतो. चोवीस. पंचवीस. मधे तहान लागली म्हणून आतल्या खोलीत गेलो, माठाखाली भांडं धरलं आणि ते भरून वाहू लागलं तरी माझा हात हलेना. छातीत काहीतरी अडकलं होतं. स्पीकर बाहेरच्या खोलीत, दार लोटलेलं. ऐकू काहीच येत नव्हतं. मग माझ्या तोंडून श्वास सुटला, आपोआप, ओठांच्या डाव्या कोपऱ्यातून.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटी आली. दुसरी पाळी होती म्हणून गणवेशातच आली होती. तिने दारातूनच माझ्याकडे बघितलं आणि कपाळावर हात मारला.

"तू पण ऐकत बसलास! आरशात बघ जरा. शाईची दौत प्यायल्यासारखा दिसतोयस."

"जोडाचा अभ्यास करत होतो."

"अभ्यास! सांगतोस कुणाला, म्हणे अभ्यास." तिने पिशवीतून क्रिंपिंगची पक्कड काढून टेबलावर आपटली. लाल दांड्यांची, कारखान्यातली. "हे बघ दादा, आज भांडायला वेळ नाही. तो जोड काप. तार मागे चांगल्या तांब्यापर्यंत सोल. नवी पट्टी चढव, दाब, मोकळा हो. क्रिंप नीट बसला तर आत हवेचा कणसुद्धा उरत नाही. तांब्यावर तांबं. भुताला बसायला जागाच नको."

"अण्णाला भूत म्हणतेस?"

तिचे डोळे भरले. "मला काय तो नकोय का रे? मला पण बसावंसं वाटतं त्या स्पीकरपुढे. म्हणूनच सांगतेय. वहिनी चार दिवस रडतील, शिव्या घालतील, पण रडायला श्वास लागतोच ना?"

तिचं बोलणं मधेच तुटत नव्हतं. भराभरा, एका दमात बोलत होती. मला तिचा हेवा वाटला.

"आणि एक," जाताना ती दारात वळून म्हणाली, "काहीही कर, पण सोल्डर लागलेल्या तारेवर क्रिंप मारू नकोस. आमच्याकडे पहिल्या दिवशी शिकवतात. सोल्डर मऊ असतं, दाबलं की आतल्या आत सरकत राहतं. कधी काय होईल सांगता येत नाही. कापून मगच."

"बरं बाई, बरं."

ती गेली. मी पक्कड हातात घेतली. आयुष्यात पहिल्यांदा. चांगली जड होती, हातात बसत होती. हे मी तिला कधीच सांगितलं नसतं. आणि ती हातात असतानाच माझ्या डोक्यात तो विचार आला. क्रिंपला आच लागत नाही. अण्णाचा जोड आहे तसाच ठेवायचा, कापायचा नाही, वितळवायचा नाही. त्याच्याभोवती तांब्याची पट्टी गुंडाळायची आणि दाबून टाकायची. भेग मिटेल, आवाज तुटणार नाही, आतला अण्णा आत राहील. वहिनींना दर दहा आकड्यांना फुंकर मिळेल. मलाही अधूनमधून ऐकायला मिळेल. सोल्डर आणि क्रिंप, दोन्ही पक्षांचं समाधान! इतका हुशार विचार आपल्याला सुचला याचं मला कौतुक वाटलं. धाकटीचं शेवटचं वाक्य मी ऐकलं नव्हतं असं नाही. पण सोल्डर सरकायचं तेव्हा सरकेल, महिन्यांनी, वर्षांनी, पुढचं पुढे.

वहिनी दुपारी आल्या. दोन जिने चढायला त्यांना किती वेळ लागला असेल कुणास ठाऊक. मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. त्या शब्द वाचवत बोलत होत्या.

"राहतील ना?"

"राहील. दाबून बसवतो."

त्या टेबलाशी बसल्या. मी ॲम्प्लिफायर चालूच ठेवला, म्हणजे फुंकर शाबूत आहे की नाही ते लगेच कळेल. जोडाभोवती पट्टी गुंडाळली, पकडीच्या जबड्यात धरली. फू. एकतिसाव्या आकड्याला आली. आम्ही दोघांनीही श्वास सोडला आणि घेतला. एखाद्या वर्गात पोरं कवायत करतात तसं चाललं होतं ते.

मी दांड्या दाबल्या. कट. आतला एक दात सरकला. आणखी दाबलं. कट.

स्पीकरमधली गुणगुण दबली. पुढची फुंकर सुरू झाली आणि पुरी झाली नाही. शीळ निघता निघता तोंडावर हात ठेवावा तशी ती आतच राहिली. पण शांतताही नव्हती. गाल फुगवून, श्वास रोखून कुणीतरी अगदी जवळ बसलेलं असावं, अशी ती भरलेली शांतता होती.

मी पक्कड सोडायला गेलो. ती सुटेना. या पकडींचं तसंच असतं; पूर्ण दाबल्याशिवाय जबडा उघडतच नाही, म्हणजे कामगाराने अर्धवट क्रिंप सोडून देऊ नये. मधेच सोडवायची एक बारीक कळ असते म्हणे. ती कुठे असते हे धाकटीला माहीत. मी दांड्या ओढल्या, पिळल्या, शेवटी दुसरा इलाजच नव्हता म्हणून शेवटपर्यंत दाबल्या. कट. जबडा उघडला आणि पट्टी जोडावर घट्ट बसलेली दिसली. इतका सुबक क्रिंप, की धाकटीने शाबासकी देऊन भिंतीवर लावला असता.

आणि माझ्या छातीचं दार बंद झालं.

श्वास आत येईना, बाहेर जाईना. मी वहिनींकडे बघितलं. त्या खुर्चीत ताठ बसल्या होत्या, गाल किंचित फुगलेले, डोळे माझ्यावर. त्या घाबरलेल्या नव्हत्या. तेच मला सहन झालं नाही. त्यांना वाटत होतं, आता त्या आणि अण्णा एकाच श्वासात आहेत. मी केबल ॲम्प्लिफायरमधून उपटली. काही फरक पडला नाही. त्यांचे ओठ जांभळे होत होते. माझ्या कानांत ढोल वाजू लागले. दहा आकडे झाले, वीस झाले. यापुढे फुंकर येणार नव्हती. तिला बाहेर पडायला मीच वाट ठेवली नव्हती.

मी आयर्न उचललं आणि पट्टीवर टेकवलं.

वहिनींनी ते पाहिलं. त्यांनी मान हलवली, नाही, नाही, आणि माझ्या हाताकडे झेपावल्या. मी त्यांना कोपराने मागे ढकललं. होय, वहिनींना, अण्णाच्या बायकोला. तांबं आच पिऊन घेतं. नुसत्या जोडाला दोन सेकंद लागतात, पट्टीला किती लागणार? चाळीस. एक्केचाळीस. डोळ्यांपुढे काळे ठिपके नाचू लागले. मनात अण्णाला म्हणालो, अण्णा, चुकलो, तुला कोंडलं, आता सोड आम्हाला. मग पट्टीच्या फटीतून सोल्डरचा एक चकचकीत थेंब डोकावला.

तेव्हा मला कळलं. आत एकच श्वास होता. इथे माणसं दोन.

मी हे सांगताना थोर वगैरे होत नाही. एक क्षणभर ती पिन माझ्या तोंडासमोरच होती आणि मी ती तिथेच ठेवली होती. तो माझा भाऊ होता. त्याने मला वाढवलं होतं, त्याच्या शेजारच्या स्टुलावर मी म्हातारा झालो होतो, आणि तो गेल्यावर मी एक टिपूससुद्धा गाळलं नव्हतं. मग मी हात लांब केला आणि पिन वहिनींच्या तोंडापाशी धरली. आयर्न तसंच टेकलेलं. त्यांची झटापट थांबली.

थेंब फुगला आणि फुटला. सोल्डरचा धूर सरळ वर जातो. हा आडवा गेला, तिरका, डाव्या बाजूने. फू. या वेळी स्पीकर नव्हता. खोलीतच आवाज झाला आणि माझ्या मनगटावर ऊब लागली.

वहिनींनी तोंड उघडलं आणि तो आत घेतला. सावकाश, डोळे मिटून, इतका लांब की मला वाटलं त्या आता थांबणारच नाहीत. सात महिने ज्या आवाजाची त्या वाट बघत होत्या तो त्यांच्याच गळ्यातून आला. मी टेबलाची कड धरून उभा राहिलो, तोंड मिटून, त्यांचा पुरा होईपर्यंत.

मग वहिनींनी श्वास सोडला, आणि तो मी घेतला.